ताराला काय येत नाही

आमच्या ताराला आटो झालाय ही बातमी गावभर व्हायला एक सकाळ पुरली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलेला शब्द होता ऑटिझम. ताराच्या वडिलांनी, म्हणजे भुजंगरावांनी, तो चहाच्या टपरीवर जसा आठवला तसा सांगितला, आणि टपरीवरून घरोघरी जाईपर्यंत त्याचं शेपूट गळालं. दुपारी शेजारची साळूबाई वाटीत हळद घेऊन दारात हजर. "दुर्गे, आटोनं धडक देली म्हनं पोरीला? कुठं लागलं? जालन्याचे आटोवाले लई माजलेत."

तारा ओसरीवर बसून चपलांची रांग लावत होती. तिला कुठंही लागलेलं नव्हतं. साळूबाईनं तिला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि हळद परत नेली. मी त्या दिवशी पोट धरून हसले. आमच्या घरात हसायची कारणं तशी कमी नव्हती, लोकांना उगाच वाटायचं की आम्ही रात्रंदिवस रडत असू.

तारा तेव्हा दहा वर्षांची. तिचं बोलणं असं, की आपण जे विचारावं तेच ती परत द्यायची. "तारा, भाकर खाती का?" म्हटलं की ती म्हणणार, "तारा, भाकर खाती का?" आणि खाणार. तहान लागली की माझ्याजवळ येऊन विचारणार, "पाणी देऊ का?" कारण पाणी मिळतं तेव्हा हेच शब्द तिच्या कानावर पडलेले. एकदा पाहुणे आले होते. ही त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "पाणी देऊ का?" पाहुणे खूश. काय वळण लावलंय पोरीला! पाहुण्यांनी मान डोलावली, तारा त्यांच्याकडे बघत राहिली, पाहुणेही बघत राहिले. शेवटी मी दोघांनाही पाणी दिलं.

आणि नुसते शब्द नाहीत, आवाजही. वडिलांचं वाक्य म्हणायचं तर आधी त्यांचा खोकला काढणार, मग वाक्य. कंडक्टरच्या चिमट्याची टिकटिक जिभेनं अशी वाजवायची की बसमधले लोक खिशात हात घालायचे.

माझा स्वभाव तापट आहे, मला माहीत आहे. कुणी म्हणालं, "हिला हे येत नसंल," की माझं डोकं फिरायचं. "येतं तिला," मी ताडकन सांगायची. येत असो नसो. वेणी घालता येते? येते. दुकानातून साखर आणते? आणते. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि माझी मूठ दहा वर्षं मी उघडली नव्हती. सासू असताना तिच्यासमोर नाही आणि नवऱ्यासमोरसुद्धा नाही.

मग जालन्याची शाळा कळली. स्टेशनच्या बाजूला एका घराच्या दोन खोल्यांत अरुंधतीबाई नावाच्या मास्तरीणबाई अशा मुलांना शिकवायच्या. आमच्या गावाहून सकाळची एसटी, अंबडला बदलायची, पुढं जालना. बाईंनी ताराला पहिल्या दिवशी काही शिकवलं नाही, नुसतं शेजारी बसवून घेतलं. दोन महिन्यांत तारा पेन्सिल धरायला लागली. मोरीकडे जायचं असलं की हात धरून न्यायला लागली. तोपर्यंत ते आम्हाला तिच्या तोंडावरून ओळखावं लागायचं. ज्याच्या घरी असं लेकरू नाही त्याला यात काय मोठं ते कळायचं नाही, आणि मी समजावत बसणार नाही.

पण रोज दोघींचं जायचं-यायचं तिकीट. ताराच्या वडिलांनी विडीचं बंडल आणायचं बंद केलं. मग आम्ही रोजच्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस जायला लागलो, मग दोन, मग पावसाळ्यात तेही नाही. तारा मात्र रोज सकाळी दप्तर घेऊन फाट्यावर जाऊन उभी. बस यायची, जायची. मी तिला ओढून आणायची आणि ती रस्ताभर ओरडायची. महिन्याभरात पेन्सिल सुटली. मोरीचंही पुन्हा पहिल्यासारखं झालं.

अरुंधतीबाई म्हणाल्या, "दुर्गाताई, तिचं अपंगाचं प्रमाणपत्र काढा. त्यावर एसटीचा सवलतीचा पास मिळतो. तिचं तिकीट जवळजवळ फुकट होईल, सोबत म्हणून तुमचंही कमी. पण लवकर करा. अशी मुलं मागे गेली की परत आणायला फार कष्ट पडतात."

मी ताराला घेऊन लगेच निघाले. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात बुधवारी अपंगांची तपासणी असायची. खिडकीत पुंजाराम नावाचे कारकून, चष्मा कपाळावर, पान गालात. मी म्हटलं, पोरीला ऑटिझम हाय.

"आटोचं हिकडं न्हाई, बाई," ते मान वर न करता म्हणाले. "आरटीओत जा."

इथंही आटो! मी म्हटलं, "पोरगी दहा वर्षांची हाय. तिला लायसन नको, पास पायजे."

तेव्हा त्यांनी चष्मा खाली घेतला. त्यांच्यासमोर छापील कागद होता. आंधळे, बहिरे, हातापायानं अधू, मतिमंद, असे रकाने. त्यांनी बोट फिरवलं, दोनदा फिरवलं. ताराचा शब्द कुठंच नव्हता. "मंग मतिमंदमध्ये बसवू," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

पण ती त्यात बसली नाही. आत एका मॅडमनी तिच्यापुढं लाकडी ठोकळे ठेवले, चित्र दाखवलं, हे असं जुळव म्हणून खुणेनं सांगितलं. ताराच्या हातांना सांगावं लागलं नाही. मॅडमचं पाणी पिऊन होईपर्यंत चित्र तयार. माझं काळीज सुपाएवढं झालं. तिथल्या तिथं अख्ख्या दवाखान्याला ओरडून सांगावंसं वाटलं, बघा, येतं तिला! मॅडमनी बाकीच्या प्रश्नांबरोबर सरासरी काढली आणि सरासरी रेषेच्या वर गेली. मतिमंद नाही. प्रमाणपत्र नाही.

"ठोकळ्यात पास झाली म्हनून पासात नापास झाली," पुंजाराम म्हणाले. "औरंगाबादचे मोठे सायेब येतेत पुढच्या म्हैन्यात. तवा या परत. पन एकदा रेषेवर गेली की लई कठीण जातं बाई, सांगून ठेवतो."

घरी साळूबाई वाट बघत होतीच. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "तू बी येडीच हायेस. लोक चांगले असून लंगडत जातेत तिथं. पोरीला म्हनावं, गप बस, हात लावू नको. येका दिवसाचा सवाल हाय. पास एकदा हातात आला की मंग रच की ठोकळे खुशाल."

मला राग आला. पण फाट्यावर दप्तर घेऊन उभी राहिलेली तारा रोज डोळ्यांपुढं होती, आणि रागानं काही बस मिळत नाही.

तर मोठे साहेब येणार होते त्या बुधवारी अंबडहून सुटलेल्या बसमध्ये मी ताराला खिडकीशी बसवलं आणि तिच्या कानाशी लागले. जे बोलले ते बोलले. तिला कळलं का, हे मला कळलं नाही. ती बाहेरच्या तारांवरचे पक्षी बघत होती.

हे औरंगाबादचे डॉक्टर दुसरेच होते, वयस्कर, आवाज खालचा. खोलीत ते, कागद पुरवायला पुंजाराम, मी आणि तारा. डॉक्टरांनी आधी काही विचारलं नाही. ताराला खुर्ची हलवू दिली, पंखा बघू दिला. मग ठोकळ्यांची पेटी पुढं सरकवली.

तारानं पेटीकडे पाहिलं. आणि माझ्या आवाजात, माझ्याच कुजबुजीत, बोलायला लागली.

"तारा, आज डाक्टरनं ठोकळे देले तर हात लावायचा न्हाई. काही विचारलं तरी बोलायचं न्हाई. येड्यावानी बसायचं. मंग पास मिळंल. मंग रोज बस." मग तिनं नाक ओढलं, मी ओढलं होतं तसं. "देवा, कोन्या जल्माचं पाप म्हून मला माह्याच लेकीला येडी हो म्हनावं लागून राह्यलं? शहानी हाय माही लेक. तुला दिसत न्हाई का? शहानी हाय."

आणि बोलता बोलता ठोकळे जुळवून मोकळी झाली.

पुंजाराम खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळले. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, आणि तेही माझ्याच आवाजात. आता हे डॉक्टर मला खोटारडी म्हणून हाकलणार, आणि तारा फाट्यावर उभी ती उभीच.

"हे कधी बोललात तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"आत्ताच. बसमध्ये."

"जसंच्या तसं आहे?"

"हाव," मी म्हटलं. आता लपवून तरी काय? "नाक ओढलेलं बी माझंच हाय."

डॉक्टर हसले. हाकलण्याचं हसू नव्हतं ते. त्यांनी ठोकळ्यांची पेटी बंद केली आणि दुसरा कागद काढला. "बाई, ठोकळे जुळवता आले म्हणून एकटीला बस पकडता येत नाही. हिचं दुखणं मला कळलंय. मराठीत त्याला आता स्वमग्न म्हणतात. पण तुमच्या पुंजारामांच्या कागदावर अजून तो रकाना नाही. मला तिला मतिमंदच लिहावं लागेल, आणि त्यासाठी आकडा रेषेच्या खाली यावा लागेल. हे दुसरे प्रश्न रोजच्या जगण्याचे आहेत. ते तिला नाही, तुम्हाला विचारायचे. खरं सांगायचं. कमी नाही, जास्त नाही. आणि कागदावर तो शब्द येईल. चालेल तुम्हाला?"

मतिमंद. हा शब्द उच्चारणाऱ्या माणसांशी मी भांडले होते. एकीशी तर अजून बोलत नाही. मी ताराकडे पाहिलं. ती जिभेनं कंडक्टरचा चिमटा वाजवत होती.

"लिहा," मी म्हटलं. "बसमध्ये चढण्यापुरता लिहा."

"रस्ता एकटी ओलांडते?"

"येतं तिला," माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांची सवय. डॉक्टरांनी वर पाहिलं. मी पदर सावरला. "न्हाई. न्हाई येत."

"न्हाई येत," तारा म्हणाली.

"दुखलंखुपलं सांगते?"

तिची दाढ किडली होती तेव्हा चार दिवस ती जेवली नव्हती, आणि मी हट्टीपणा समजून रागावले होते. गाल सुजला तेव्हा कळलं. "न्हाई सांगता येत."

"न्हाई सांगता येत," तारा.

"हरवली तर नाव, गाव?"

"विचारलं तर तेच परत म्हनंल. तुझं नाव काय, तुझं गाव काय."

"पैसे ओळखते? अनोळखी माणूस ओळखते?"

"न्हाई. अंबडच्या स्टँडवर एका मानसाचा हात धरून चालायला लागली व्हती. मी तिकिटाकडं बघत व्हते." हे मी ताराच्या वडिलांनाही सांगितलं नव्हतं. "चांगला व्हता तो मानूस. आणून देलं त्यानं. पन डाक्टर, आता ती मोठी व्हईल. सगळेच मानसं चांगले असतेत का?"

प्रश्न पुढं चालू राहिले. वेणी? न्हाई. गुंड्या? न्हाई. स्वतःहून कुणाशी खेळते? न्हाई. मी एकेक बोट उघडत होते आणि मुठीत काहीच निघत नव्हतं. शेजारून माझी लेक, शाळेत पाढे म्हणावेत तशी, प्रत्येक न्हाई माझ्यामागून म्हणत होती. दहा वर्षं जे कुणाला बोलू दिलं नाही ते मी तिच्यासमोर, तिच्या तोंडानं ऐकत होते. डोळ्यांतून पाणी कधी सुरू झालं मला कळलं नाही. पुसावं असंही वाटलं नाही.

"शेवटचा," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्याचं दुःख कळतं का तिला? कुणी रडलं तर काय करते?"

माझ्या सासूबाई वारल्या तेव्हा सगळं घर रडत होतं आणि तारा अंगणात गुणगुणत गिरक्या घेत होती. लोकांनी नाही नाही ते म्हटलं होतं. खरं सांगायचं होतं ना, तर खरं हेच होतं. मी न्हाई म्हणायला तोंड उघडलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तारा उठली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, ती कुणाकडेच बघत नाही. भिंतीकडे बघत बघत तिनं माझा पदर चाचपला, त्याचं टोक मुठीत धरलं, आणि माझं तोंड पुसायला लागली. जोरानं, कातडी सोलून निघावी असं. जेवल्यावर मी तिचं पुसते तसं.

"झालं, झालं," ती म्हणाली. "न्हाई रडायचं. आई हाय ना इथं."

बसचा हॉर्न वाजला की ती कान धरून ओरडते. तेव्हा मी तिला छातीशी धरून हेच म्हणते.

मग डॉक्टरांनी पेन उचललं. "काय लिहू, बाई?"

मागून पुंजाराम हळूच पुटपुटले, "न्हाई म्हना. कडेवर आलाय आकडा. येकानं बी वर जाईल."

मला सगळं समजत होतं. मघाशी बसमध्ये मी तिला येडीचं सोंग घ्यायला शिकवलं होतं, आता तर मला खोटंही बोलावं लागणार नव्हतं. आतापर्यंत म्हटलं तसंच आणखी एकदा न्हाई म्हणायचं, एवढंच. उद्यापासून बस, पेन्सिल, अरुंधतीबाई. आणि कुणीही म्हणेल की तारानं नुसते ऐकलेले शब्द म्हटले, पोपट म्हणतो तसे. म्हणोत. रडणाऱ्या माणसाला आपण तरी दुसरं काय म्हणतो? आपल्या आईनं आपल्याला म्हटलेलंच म्हणतो की.

"येतं," मी म्हटलं. "हे येतं तिला. येतं म्हणून लिहा."

"पास जाऊ शकतो," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

"जाऊ द्या. बाकीचं सगळं न्हाई लिहा, मी काही म्हणणार न्हाई. पन इथं न्हाई म्हणून लिहू देणार न्हाई मी. तुमच्या डोळ्यांदेखत केलंय तिनं!" माझा आवाज चढला होता. तो चढतोच.

डॉक्टरांनी लिहिलं. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि बेरीज करायला घेतली. पुंजाराम त्यांच्या खांद्यामागून वाकून बघत होते, पानसुद्धा चावायचं विसरले होते. बोट रकान्यावरून खाली येत गेलं. शेवटी डॉक्टर थांबले, एकवार वरून खाली पुन्हा मोजलं.

"बसतंय," पुंजारामच आधी ओरडले. "बाई, बसतंय! काठावर, पन बसतंय!"

डॉक्टरांनी मतिमंद लिहिलं, शिक्का मारला, आणि खाली जिथं काही लिहायची जागा नव्हती तिथं बारीक अक्षरात स्वमग्न असंही लिहिलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला नीट दिसत नव्हतं, कारण तारा अजून माझं तोंड पुसत होती, आणि मी तिला पुसू देत होते.